अकरा पौंड नऊ औंस

गॅरेटने माझी गिटार काट्याच्या हुकाला अडकवली, दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "अकरा पौंड नऊ औंस."  डॉक्टर लोक एक्स-रे बघून निदान सांगतात तसा. खरं तर त्या आकड्याचं मला काही वाटायला नको होतं. पंचेचाळीस वर्षं ती माझ्या डाव्या खांद्यावर होती, तिचं वजन मला माहीत नसेल तर कुणाला? पण खांद्यावर असणं वेगळं आणि मासे तोलायच्या काट्याला लोंबताना बघणं वेगळं. एवढ्या वजनाचं तीन महिन्यांचं मूल असतं. माझ्या बहिणीची तिन्ही मुलं मी कडेवर घेऊन हिंडवली आहेत, म्हणून सांगते. मूल निदान मोठं होतं, खाली उतरतं, दारं आपटायला लागतं. ही कधी उतरलीच नाही. मी गॅरेटला म्हटलं, तुझा काटा मासेवाल्याचा आहे, मासेवाल्याच्या काट्यावर कुणी विश्वास ठेवलाय? तो हसला नाही. त्याने ती दोन्ही हातांनी हुकावरून काढली आणि काउंटरवरच्या कापडावर अशी ठेवली की मला एकदम तोंडात मारल्यासारखं झालं. इतक्या जपून तिला मीही कधी ठेवली नव्हती.

मी त्या गिटारच्या दुकानात पाय ठेवणारच नव्हते. पण जानेवारीत एका सकाळी केस विंचरायला हात वर केला आणि तो कानापर्यंत येऊन थांबला. पुढे जाईना. आरशात बघते तर अर्धे केस विंचरलेले, अर्धे तसेच, आणि हात हवेत. मग डॉक्टर, मग फोटो, मग ती थेरपिस्ट पोरगी, माझ्या भाचीच्या वयाची. तिने मला रबराची पट्टी ओढायला लावली आणि विचारलं, खांद्यावर काय घेता? गिटार, म्हटलं. किती वेळ? दर शुक्रवारी तीन तास, उभ्याने, शिवाय उन्हाळ्यात रविवारी. तिने कागदावर लिहून दिलं की सात पौंडांच्या वर काहीही टांगायचं नाही. नाहीतर बसून वाजवा, म्हणाली, जसं काही ते एकच. आमच्या बँडचा ड्रमवाला लाइल तेवढ्यावर खूश. त्याने हॉलमधून हात असलेली एक खुर्ची शोधून ठेवली, वर गादीसुद्धा घातली. मनाने चांगला आहे, म्हणून त्याला शिव्या दिल्या नाहीत. पण खुर्चीवर बसलेली गिटारवाली म्हणजे मासे खाता खाता लोकांनी कीव करायची बाई. वेस्ट ॲलिस गावातल्या आमच्या हॉलमध्ये ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी, मटण चालत नाही म्हणून, चारशे माणसं तळलेला कॉड मासा खायला येतात. बटाट्याचे घावन, कोबीची कोशिंबीर, ब्रँडी. त्यातली निम्मी तरी मला जन्मभर उभीच बघत आली आहेत. यंदाच्या उपासाचा पहिला शुक्रवार नऊ दिवसांवर होता. उभं राहता आलं तर वाजवीन, नाही तर गिटार पलंगाखाली, असं मी ठरवून टाकलं होतं. आणि मी एकदा ठरवलं की माझ्यापुढे माझंही काही चालत नाही.

दुकानवाला गॅरेट तिशीतला. दाढी, जाड चष्मा, नखांत लाखेचा पिवळेपणा. हलकी गिटार हवी म्हटल्यावर त्याने किती खर्च करायचाय म्हणून विचारलं, मी पाच-सहाशे डॉलर म्हटलं, तर त्याने नाक मुरडलं नाही, एवढ्यावर तो मला आवडला. पहिली आणली ती कसल्याशा फुसक्या लाकडाची, पाच पौंड दहा औंस. मी स्टुलावर बसून मांडीवर घेतली. मांडीवर काही आहे असंच वाटेना. म्हटलं, बांध ही. तो म्हणाला, "उठा. मांडीवर सगळ्याच हलक्या लागतात. पट्टा घाला, दहा मिनिटं उभ्या राहा, मग बोला." हे मला माहीत नव्हतं का? नव्या पोरापोरींना हेच मी ओरडून ओरडून सांगितलं आहे. तरी बसलेच होते. उभं राहायचं म्हणजे त्या खांद्यावर परकी गिटार घ्यायची, आणि ते माझ्या जिवावर आलं होतं. शेवटी उठले. हात सोडला तशी ती हळूहळू डोकं खाली घालायला लागली. धड हलकं आणि मान जड, मग दुसरं काय होणार? डाव्या हाताने सावरली. सोडली की पुन्हा खाली. म्हणजे ज्या हाताने वाजवायचं तोच हात हमाली करणार. पेंगुळलेल्या माणसाला सारखं वर धरून ठेवावं तसं ते होतं. माझ्या आईचं शेवटी असं झालं होतं, जेवताना हनुवटीखाली हात द्यावा लागायचा, दुसऱ्या हातात चमचा. मी ती गिटार परत दिली. दुसरी आणली तिला डोकंच नव्हतं. तारा खालच्या बाजूने आवळायच्या, त्यामुळे खाली झुकायचा प्रश्नच नाही. पण किंमत दुप्पट, आणि रूप वल्ह्याचं. ही घेऊन उभी राहिले तर लाइल विचारील, होडी कुठे लावलीस. गॅरेट या वेळी हसला आणि म्हणाला, थांबा, मागे एक जुनी आहे. जाता जाता त्याचं बोट माझ्या गिटारच्या घोडीवर टेकलं, जिच्यावर तारा बसतात त्या पितळेच्या पट्टीवर. हे कुणी केलंय, त्याने विचारलं. दुकानातलं नाही हे, लेथवर हाताने केलेलं आहे.

आमच्या बास गिटारवाल्याने, मी म्हटलं. वेंडेल लुबकेने. नाव तोंडातून निघालं आणि मला आश्चर्य वाटलं, कारण त्याला जाऊन वर्ष झालं तरी मी ते कुणाशी बोललेच नव्हते. एकोणऐंशी साली तो चोवीस वर्षांचा होता, मी बावीस. झडपा बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर होता. त्या दिवसांत गिटारवाल्यांना एक ताप चढला होता: जितकं वजन जास्त तितका सूर जास्त वेळ टिकतो. जो तो पितळ बसवत सुटला होता. सरोवरावरून आलेले लोक माशाचं वजन सांगतात तसे आम्ही एकमेकांना गिटारचं वजन सांगायचो. वेंडेलने माझ्यासाठी पितळेची घोडी कातली, आणि तिच्या खाली लाकूड कोरून पितळेचा एक ठोकळा बसवायचा ठरवला, साबणाच्या वडीएवढा. चार संध्याकाळी त्याच्या तळघरात मी पालथ्या बादलीवर बसून दिवा धरला. तो बोलायचा नाही. पितळेचा कीस फुंकरीने उडवायचा आणि तो माझ्या स्वेटरमध्ये अडकायचा. घरी जाऊन मी स्वेटर झटकत नसे. कीस आपोआप गळेल तेवढा गळू द्यायचा. त्याच्या तळघरातल्या एकूण एक वस्तूवर डब्ल्यू एल अशी अक्षरं ठोकलेली होती, पोलादाच्या छोट्या ठशांनी. पेचकस, कानस, शिडी, जेवणाचा डबा. लेथवाले सगळेच असं करतात. कारखान्यात उसनी दिलेली वस्तू नाव नसेल तर परत म्हणून येत नाही. लाइलला एकदा त्याने माउथ ऑर्गन वापरायला दिला, त्यावरसुद्धा आधी नाव ठोकून दिला. चौथ्या संध्याकाळी मला म्हणाला, वर जाऊन कॉफी ठेव. मी कॉफी घेऊन खाली आले तोवर ठोकळा आत बसलेला, वर घोडी, स्क्रू आवळलेले. दहा मिनिटं झाली असतील. त्या दहा मिनिटांवर मी पंचेचाळीस वर्षं काढली. मला ठाम वाटायचं की मला वर पाठवून त्याने त्या ठोकळ्याच्या खालच्या बाजूला काहीतरी ठोकलं असणार. नुसतं त्याचं नाव नाही. माझंही. दोन अक्षरं त्याची, दोन माझी, आणि वर्ष. तारा मी शेकडो वेळा बदलल्या, पेचकस दर वेळी हाताशी असायचा, पण स्क्रूला कधी लावला नाही. उघडलं नाही तोवर ते आहे. दोन वर्षांनी त्याने जोॲनशी लग्न केलं. लग्नात वाजवलं आम्हीच. नवरामुलगा स्वतःच्या लग्नात बास वाजवतोय म्हणून लोकांना कौतुक, आणि मी त्याच्या डाव्या हाताला नेहमीच्या जागी, खांद्यावर हे सगळं घेऊन.

गॅरेट तिसरी घेऊन आला. अर्धी पोकळ, चेरीच्या रंगाची, मागे कमरेच्या पट्ट्याच्या बकलाने खरवडलेली. कुणा निवृत्त शाळामास्तरांची. पाचशे चाळीस डॉलर, सहा पौंड सहा औंस. मी मुकाट उभी राहिले, पट्टा चढवला, हात सोडला. डोकं जागच्या जागी राहिलं. आम्ही पोल्का नाचाच्या ज्या धुनेने सुरुवात करतो तिच्या चार ओळी वाजवल्या, मग आणखी चार. बोटं धावत होती. दुखत नव्हतं. पण माझा डावा खांदा सारखा वर यायला लागला. जन्मभर त्याला खालून वर रेटायची सवय, आता रेटायला काहीच नाही, तर तो आपला कानाशी येऊन बसतोय. मी तो खाली करायची, तो पुन्हा वर. दात काढल्यावर जीभ तिथेच जाते ना, तसं. दहा मिनिटं झाली, गॅरेट म्हणाला, "ही तुमची आहे." आणि मला रडू यायला लागलं, ते मी खोकल्यावर निभावलं. चांगली होती, परवडणारी होती, हलकी होती. कशाला म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती, आणि मी काहीतरी खोट शोधत होते, हट्टाला पेटल्यासारखी. म्हणून म्हटलं, सूर टिकत नसणार हिचा. माझ्या गिटारचा बघ किती टिकतो. गॅरेटने वाद घातला नाही. फोनवर घड्याळ लावलं. माझ्या गिटारवर एक तार छेडली आणि आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. बाहेर बर्फ हटवणारी गाडी गेली, ती जाऊ दिली, पुन्हा छेडली. अकरा सेकंद. मग मास्तरांच्या गिटारवर तीच तार, तोच सूर. अकरा सेकंद. त्याने पुन्हा केलं. या वेळी बारा. तो माझ्याकडे न बघता कापड सारखं करायला लागला. म्हणाला की त्या काळी सगळ्यांचाच हा समज होता, त्यात तुमचा काही दोष नाही.

दोष. अरे बाबा, मला हे एक्याण्णव सालापासून माहीत आहे. ऑगस्टमधली चर्चची जत्रा, रविवारची दुपार, मक्याची कणसं भाजल्याचा वास आणि गवतावर सांडलेली बीअर. आमचं वाजवणं संपलं होतं. मी तंबूच्या मागे जाऊन खांदा चोळत बसले होते, आणि वेंडेल आला. हातात पेचकस. त्याच्या हातात पेचकस नसायचा असं फारसं नव्हतंच, पण या वेळी तो ठरवून आला होता. म्हणाला, "ते पितळ काढून टाकतो मी, बर्नी. दहा मिनिटांचं काम आहे."

"सूर जाईल," मी म्हटलं.

"नाही जात. मी मोजून बघितलंय. पितळाने काहीच फरक पडत नाही. माझी चूक झाली."

तो हे इतकं सरळ म्हणाला की मला त्याचा राग आला. त्याने चूक म्हणायला नको होतं. तंबूच्या पलीकडे जोॲन त्यांच्या दोन मुलांना बर्फाचा गोळा घेऊन देत होती, मुलं ओरडत होती. मी जर म्हटलं असतं की काढ, तर त्याने तिथल्या तिथे काढलं असतं, ठोकळा माझ्या डोळ्यांसमोर उलटा केला असता, आणि त्यावर जे असेल ते त्या उन्हात, त्या गोंगाटात, आम्हा दोघांना बघावं लागलं असतं. किंवा जे नसेल ते. मी म्हटलं, "राहू दे." तो उभाच राहिला. मग तो म्हणाला, "फार जड आहे गं." मी पुन्हा म्हटलं, राहू दे, मला हवंय. तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला आणि पेचकस मागच्या खिशात घातला. बस्स, एवढंच. आमच्या दोघांमध्ये जे काही झालं ते एवढंच झालं. पण त्या दिवसापासून माझ्या गिटारची पेटी मी उचलली नाही. वाजवणं संपलं की तो त्याची बास ठेवायच्या आधी माझी पेटी उचलायचा आणि माझ्या गाडीपर्यंत न्यायचा. बत्तीस वर्षं. पाठीचा त्रास सुरू झाला तेव्हासुद्धा. पाऊस असो, बर्फ असो. पेटी मागच्या सीटवर ठेवायची, दार लावायचं, छतावर दोनदा थाप मारायची आणि परत जायचं. कधी बोलला नाही, मी कधी थँक्यू म्हटलं नाही. लाइल एकदा चेष्टेने म्हणाला होता की माझीही उचल की रे, तर वेंडेल म्हणाला, तुझे ड्रम तूच विकत घेतलेस. आता कळतंय की खांद्याचं मातेरं कशाने झालं. पंचेचाळीस वर्षांनी नाही झालं. गेल्या फेब्रुवारीत तो गेला, आणि त्यानंतर वर्षभर पेटी मी स्वतः उचलली, त्याने झालं. हे मी त्या थेरपिस्ट पोरीला सांगितलं नाही. कागदावर लिहून देण्यासारखं ते नव्हतं.

मी गॅरेटला म्हटलं, ठोकळा काढ. तो म्हणाला, गरज नाही, जुनी आहे तशी घरात राहू दे. नाही, काढ, मी म्हटलं, आत्ता, माझ्यासमोर. त्याने तारा सैल केल्या. एकेक तार खाली उतरताना तिचा आवाज पडत जातो, तो मी आयुष्यभर ऐकला आहे. घोडी निघाली. मग ठोकळ्याचे दोन स्क्रू. ते हटून बसले होते, गॅरेटला जोर लावावा लागला. त्याने ठोकळा पेचकसाने खालून उचकटला आणि मला विचारलं, हातात देऊ? मी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, पुन्हा लावला. उगाच वेळ काढत होते. मग हात पुढे केला.

खाली काहीही नव्हतं. लेथची गोल गोल वर्तुळं, एकात एक, मधे एक ठिपका. पितळ त्या बाजूने अजून कोरं पिवळंजर्द होतं, हवा लागलीच नव्हती त्याला. कोपऱ्यात लाकडाची थोडी भुकटी होती, ती मी अंगठ्याने पुसली, तिच्याखाली काही असेल म्हणून. नव्हतं. उलटं केलं, चारी कडा बघितल्या. दिव्याखाली तिरपं धरून बघितलं. त्याच्या शिडीवर नाव होतं. त्याच्या डब्यावर नाव होतं. सत्तर सेंटच्या माउथ ऑर्गनवर नाव होतं. माझ्यावर त्याने दोन अक्षरं खर्च केली नव्हती. मला वाटलं होतं की असं झालं तर मी खचेन, पण मला हसूच आलं, जरा मोठ्याने. काय बाई आहे मी. बावीसची होते तेव्हा एक गोष्ट मनात धरली आणि सदुसष्टची होईपर्यंत ती अकरा पौंडांची करून खांद्यावर वागवली. गॅरेटने विचारलं, यावर काही असायला हवं होतं का? नाही, मी म्हटलं. त्याने ठोकळा काट्यावर ठेवला, सवयीने. चौदा औंस. तारा चढवून जुनी गिटार पुढच्या आठवड्यात देतो, म्हणाला. चेरीच्या रंगाची त्याने मऊ पिशवीत घातली आणि दारापर्यंत आणून दिली. ठोकळा मी कोटाच्या डाव्या खिशात टाकला.

गाडी दोन चौक पलीकडे लावली होती. फुटपाथवर मीठ टाकलं होतं, ते पायाखाली करकरत होतं. पिशवी उजव्या खांद्यावर, इतकी हलकी की दोनदा मागे हात नेऊन बघितलं. आणि डाव्या बाजूने कोट खाली ओढला जात होता. चालताना ठोकळा मांडीवर आपटत होता, एका लयीत, आणि डावा खांदा कानाशी न येता आपल्या जागी बसला होता. ते माझ्या लक्षात आलं गाडीपाशी पोचल्यावर. मागचं दार उघडलं, पिशवी सीटवर ठेवली, दार लावलं. मग तशीच उभी राहिले, छतावर थाप पडायची वाट बघत. वर्ष झालं तरी ही खोड जात नाही. खिशात हात घातला. पितळ थंडगार झालं होतं. आणि तेव्हा, त्या मूर्ख थंडीत, मला ते कळलं. इतकं साधं होतं की मी वेंडेलच्या तळघरातल्या बादलीवर बसूनसुद्धा सांगू शकले असते. जे परत यायला हवं त्यावर तो नाव ठोकायचा. हे त्याला परत नको होतं. त्याने हे मला दिलं होतं, कायमचं, आणि द्यायची त्याला दुसरी रीत येत नव्हती. नाव का ठोकत नाहीस असं मी विचारू नये म्हणून वर कॉफीला पाठवलं. मी गाडीच्या छतावर दोनदा थाप मारली, स्वतःच, आणि रस्त्यावर लोक होते तरी रडले.

शुक्रवारी मी उभी राहून वाजवलं. लाइलने तरीही खुर्ची आणून ठेवलीच होती, तिच्यावर मी कोट टाकला. पण तासाभरात डावा खांदा पुन्हा वर यायला लागला, तेव्हा दोन गाण्यांच्या मधे कोट अंगात घातला. हॉलमध्ये चारशे माणसांचा आणि तळणीचा उकाडा, लाइल ओरडून विचारतोय की थंडी वाजतेय का तुला. हो, म्हटलं. सहा पौंड सहा औंस गिटार आणि चौदा औंस खिशात, दोन्ही मिळून सात पौंड चार औंस. चार औंस जास्त होतात. ते मी थेरपिस्टला सांगणार नाही.